पाण्याला शिस्त लावणारा अभियंता : सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या

आधुनिक भारतातील अभियंत्यांची नामावळी करावयाची झाल्यास सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे नाव अग्रस्थानी घ्यावे लागते. कृष्णराजसागर धरणाचे शिल्पकार, म्हैसूर संस्थानचे दिवाण आणि भारतरत्न या तीन नात्यांनी ते सर्वपरिचित आहेत. तथापि त्यांच्या कर्तृत्वाचे मूळ या तिन्हींच्या आधीच्या एका कामात सापडते. ते काम म्हणजे पुण्याजवळच्या खडकवासला धरणावर त्यांनी बसविलेली स्वयंचलित दारे. तलावाची पातळी ठरलेल्या मर्यादेच्या वर गेली की आपोआप उघडणारी आणि पाणी उतरताच आपोआप मिटणारी ही दारे १९०३ च्या सुमारास बसली, त्या वेळी नियंत्रण अभियांत्रिकी नावाची स्वतंत्र विद्याशाखा अस्तित्वातही आलेली नव्हती. यंत्रणेने आपली स्थिती आपणच जोखावी आणि चूक होण्यापूर्वी आपणच ती सुधारावी, हे त्या शास्त्राचे सूत्र विश्वेश्वरय्यांनी दगड, लोखंड आणि पाणी यांच्या भाषेत मांडले होते. पुढे नदी, शहर, शेती, कारखाना आणि राज्यकारभार या सर्वच क्षेत्रांत ते हेच सूत्र लावीत गेले. ते कोठे यशस्वी झाले आणि कोठे अपुरे पडले, याचा इतिहास म्हणजेच त्यांचे चरित्र होय.

जन्म आणि शिक्षण

बंगलोरच्या उत्तरेस चिक्कबळ्ळापूरजवळ मुद्देनहळ्ळी नावाचे लहानसे गाव आहे. तेथे १५ सप्टेंबर रोजी एका तेलुगुभाषी वैदिक ब्राह्मण कुटुंबात विश्वेश्वरय्यांचा जन्म झाला. त्यांची जन्मशताब्दी १९६० साली साजरी झाली. घराणे मूळचे आंध्रातील मोक्षगुंडम गावचे. त्या गावाचे नाव कुटुंबाने आपल्या नावात जपले. वडील श्रीनिवासशास्त्री हे संस्कृतचे व्यासंगी पंडित होते. घरात विद्या होती, संपत्ती नव्हती. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपल्यामुळे चिक्कबळ्ळापूरचे प्राथमिक शिक्षण संपताच मुलाला बंगलोरला मामांच्या आश्रयाने जावे लागले. सेंट्रल कॉलेजात शिकत असताना एका सुखवस्तू कुटुंबातील मुलांच्या शिकवण्या करून त्यांनी आपला खर्च भागविला. गणित हा त्यांचा आवडीचा विषय. कॉलेजचे प्राचार्य चार्ल्स वॉटर्स यांनी या विद्यार्थ्याची बुद्धी ओळखली आणि त्याच्यावर अखेरपर्यंत लोभ ठेवला.

पदवी मिळाल्यानंतर म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती घेऊन ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले. हीच संस्था पुढे पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून नावारूपास आली. १८८३ साली तेथील परीक्षेत ते पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले आणि जेम्स बर्कली पारितोषिकाचे मानकरी ठरले. पहिल्या आलेल्या विद्यार्थ्यास मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात थेट नेमणूक मिळत असे. त्यानुसार १८८४ मध्ये ते सहायक अभियंता झाले. म्हैसूरच्या या सुपुत्राच्या सरकारी सेवेची जवळजवळ चोवीस वर्षे मुंबई इलाख्यात गेली आणि त्यांतील बराच मोठा काळ पुण्यात गेला. न्यायमूर्ती रानडे आणि नामदार गोखले यांच्याशी त्यांचा स्नेह येथेच जडला. डेक्कन क्लबच्या स्थापनेतही त्यांचा पुढाकार होता. देशाचा उद्धार वक्तृत्वाने होत नाही, त्यासाठी आकडे, अभ्यास आणि संस्था लागतात, ही रानडे-गोखल्यांच्या परंपरेतील निष्ठा त्यांच्या अंगी पुढे आयुष्यभर दिसली.

पांझरेपासून सिंधूपर्यंत

पहिली नेमणूक नाशिक विभागात झाली आणि लगेचच त्यांना खानदेशात धाडण्यात आले. धुळे भागात दातर्ती गावाजवळ पांझरेच्या प्रवाहाखालून नळाचा सायफन नेण्याचे काम त्यांच्याकडे आले. पाऊस सुरू झाला, पूर येऊ लागले, वाळू कामावर चढू लागली. काम पावसाळा संपेपर्यंत पुढे ढकलावे, अशी विनंती या तरुण अभियंत्याने केली. वरिष्ठांना ती रुचली नाही. तेव्हा माघार न घेता त्यांनी पूर अंगावर घेत ते काम पुरे केले. पावसाळी नदी कोणाचा हुकूम मानीत नाही, हा धडा नोकरीच्या पहिल्याच वर्षांत मिळाला.

सिंध हा त्या काळी मुंबई इलाख्याचाच भाग होता. तेथील सक्कर शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम १८९४-९५ मध्ये त्यांच्याकडे आले. सिंधू नदी शहराला लागूनच वाहत होती, परंतु तिचे पाणी गाळाने भरलेले असे आणि गाळण्याच्या मोठ्या टाक्या बांधण्याइतका पैसा नगरपालिकेपाशी नव्हता. विश्वेश्वरय्यांनी नदीच्या पात्रालगत विहीर खोदून ती पात्राखालील वाळूशी बोगद्याने जोडली. वाळूतून झिरपून येणारे पाणी निवळूनच विहिरीत उतरू लागले. जे काम यंत्राने करावयाचे ते निसर्गाकडूनच करवून घेण्याची त्यांची रीत येथे प्रथम ठळकपणे दिसते. पुढील काळात सुरत, धारवाड, विजापूर अशा अनेक शहरांच्या पाणीपुरवठ्याचा आणि सांडपाण्याचा विचार त्यांच्या हातून झाला. १९०६ मध्ये एडनच्या पाणीपुरवठ्यासाठी सरकारने त्यांनाच पाठविले.

खडकवासल्याची दारे

१८९९ मध्ये पुणे जिल्ह्याच्या पाटबंधाऱ्यांचे कार्यकारी अभियंता म्हणून त्यांची नेमणूक झाली. मुठेवरील खडकवासल्याचा तलाव, ज्याला त्या काळी फाइफ तलाव म्हणत, तो पुणे शहर, खडकीची छावणी आणि मुठा कालव्याखालील शेती या सर्वांचा आधार होता. मागणी वाढत होती आणि साठा पुरत नव्हता. दुसरीकडे दर पावसाळ्यात सांडव्याच्या माथ्यावरून सहा ते आठ फूट उंचीचे पाणी नदीत निघून जात होते. धरणाची भिंत उंच करणे हा एक उपाय, पण तो अतिशय खर्चाचा. सांडव्याच्या माथ्यावर साधी दारे लावून पाणी अडविणे हा दुसरा. परंतु त्यात धोका होता. घाटमाथ्यावरचा पाऊस रात्री-अपरात्री कोसळतो. त्या वेळी दारांवर नेमलेला माणूस झोपला, घाबरला किंवा वाटेतच अडकला तर वाढलेले पाणी भिंतीवरून वाहून धरणच फुटावयाचे.

विश्वेश्वरय्यांनी या माणसाचाच भार काढून घेतला. त्यांनी सरकती दारे आणि त्यांना तोलून धरणारी वजने यांची अशी रचना केली की, पाणी नेमलेल्या पातळीच्या खाली असेतोवर तोल दारे मिटलेली ठेवील. पाणी त्या पातळीवर चढताच तेच पाणी आत शिरून तोल फिरवील आणि दारे उघडतील. पूर ओसरताच तोल पूर्वस्थितीवर येऊन दारे पुन्हा मिटतील. वाफेचे इंजिन नको, वीज नको, पहारेकरीही नको. संकट आणणारे पाणीच संकट टाळण्याची शक्ती पुरवील, हे या रचनेचे मर्म होते. भिंतीचा एकही थर न वाढविता साठ्याची पातळी सुमारे आठ फुटांनी वर गेली आणि साठा पूर्वीच्या जवळजवळ पाव पटीने वाढला. काही वर्षांतच मोठा पूर आला, तेव्हा दारे अपेक्षेप्रमाणे उघडली आणि धरण सुरक्षित राहिले.

या दारांचे पेटंट त्यांच्या नावे झाले. पुढे ग्वाल्हेरच्या तिगरा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावर याच धर्तीची दारे बसली. पेटंटापोटी मिळणारे स्वामित्वधन मात्र त्यांनी नाकारले. सरकारी सेवेत असताना, सरकारच्या कामासाठी लावलेली युक्ती ही आपली खाजगी मिळकत नव्हे, अशी त्यांची धारणा होती.

नीरेच्या काठी

दारे लावून पाणी वाढविता येते, पण ते वाटावयाचे कसे, हा प्रश्न त्याहून अवघड असतो. दख्खनच्या कालव्यांवर, विशेषतः नीरा कालव्यावर, कालव्याच्या तोंडाशी असलेले शेतकरी बारमाही उसासाठी मनसोक्त पाणी घेत आणि शेपटाकडील गावे कोरडी राहत. अतिपाण्याने वरच्या जमिनी चोपण होत, तर पाण्यावाचून खालच्या जमिनी करपत. विसाव्या शतकाच्या आरंभी नेमलेल्या पाटबंधारे आयोगापुढे या प्रश्नाची चर्चा झाली आणि विश्वेश्वरय्यांनी त्यावर ब्लॉक पद्धतीची योजना मांडली. प्रत्येक गावात पाण्याखालील क्षेत्राचे ठराविक गट पाडावयाचे. गटाच्या एका भागात ऊस आणि उरलेल्या भागांत कमी पाण्याची पिके घ्यावयाची. पिके आळीपाळीने फिरवावयाची. आणि एवढे पाळणाऱ्या शेतकऱ्याला पाण्याची हमी द्यावयाची, असे तिचे स्वरूप होते.

शेतकऱ्यांनी आरंभी या योजनेस विरोध केला. आपल्या शेतात कोणते पीक घ्यावयाचे हे सरकार ठरविणार, ही शंका रास्त होती आणि तोंडाकडील बागायतदारांचा त्यात तोटाही होता. लाभ ज्यांना व्हावयाचा ते शेपटाकडील शेतकरी विखुरलेले होते. विश्वेश्वरय्यांनी योजनेमागील हिशेब लोकांपुढे मांडला, हमीच्या पाण्याचा अनुभव येऊ दिला, आणि हळूहळू ही पद्धत रुळली. पांझरा-मोसमच्या खोऱ्यांतील जुन्या फड पद्धतीशी या योजनेचे साम्य लक्षात येण्याजोगे आहे. तेथेही शिवाराचे फड पाडून, फडाफडांतून पिके फिरवून, पाटकऱ्याच्या हाताने पाणी वाटले जात असे. फरक इतकाच की, फडाची शिस्त गावाने आपल्यावर आपण घालून घेतली होती. ब्लॉकची शिस्त कचेरीतून आली. म्हणूनच ती गळी उतरण्यास वेळ लागला.

मुंबई इलाख्यात अनेक वरिष्ठांना मागे टाकून ते अधीक्षक अभियंत्याच्या पदावर पोचले होते. परंतु मुख्य अभियंत्याचे पद त्या राजवटीत हिंदी माणसास मिळणार नाही हे त्यांना स्पष्ट दिसत होते. १९०८ मध्ये वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी सेवा सोडली. नियमानुसार मिळावयाचे नव्हते ते निवृत्तिवेतनही सरकारने त्यांच्या कामाची कदर करून दिले. त्यानंतर ते परदेशप्रवासास निघाले.

मुसीचा महापूर

ते युरोपात असतानाच हैदराबादेत अनर्थ घडला. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला आलेल्या पुराने अर्धे शहर धुऊन नेले. पूल तुटले, अफझलगंजपासून नदीकाठच्या वस्त्या जमीनदोस्त झाल्या, हजारो माणसे वाहून गेली. मृतांचा आकडा पंधरा हजारांच्या घरात सांगितला जातो. आजच्या उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातील चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे जणांनी प्राण वाचविले. ते झाड त्या रात्रीची खूण म्हणून शहराने जपले आहे.

निजाम मीर महबूब अली खान यांच्या सरकारने विश्वेश्वरय्यांना पाचारण केले. नियोजित प्रवास संपवून १९०९ च्या एप्रिलात ते हैदराबादेस आले. लोकांची पहिली मागणी साहजिकच नदीकाठी उंच तट बांधण्याची होती. विश्वेश्वरय्यांनी तट बांधण्यापूर्वी पूर का आला ते शोधण्यास आरंभ केला. पर्जन्यमापकांच्या नोंदी, पुराच्या खुणा, नदीचे उतार आणि पाणलोटातील तलाव यांची त्यांनी मोजदाद केली. शहराच्या वरच्या अंगाला मुसी आणि तिची उपनदी इसी यांच्या पाणलोटात ७८८ तलाव होते, म्हणजे साधारणपणे दर चौरस मैलास एक. काकतीय काळापासून चालत आलेली ही तलावांची संस्कृती तेलंगणाचे वैभव होती. पण अतिवृष्टीत वरचा तलाव फुटला की त्याचे पाणी खालच्या तलावावर आदळे आणि तोही फुटे. या साखळीत २२१ तलाव फुटले होते. पुराची परिसीमा सेकंदास सव्वाचार लाख घनफुटांपर्यंत गेली होती. नदी शहरात फुगली असली तरी संकट शहराच्या बाहेर तयार झाले होते.

उपायही त्यांनी तेथेच योजिला. १ ऑक्टोबर १९०९ रोजी सादर केलेल्या अहवालात त्यांनी शहराच्या वर, मुसीवर एक आणि इसीवर एक, असे दोन मोठे जलाशय सुचविले. पूर येताच त्याचा लोंढा या जलाशयांनी पोटात घ्यावा आणि शहरातील पात्राला झेपेल एवढेच पाणी खाली सोडावे, ही कल्पना होती. म्हणजे खडकवासल्याच्या दारांचाच विचार येथे एका अख्ख्या नदीच्या खोऱ्याला लावलेला दिसतो. शहरातील काठांसाठी त्यांनी भिंती, फिरण्याचे रस्ते व उद्याने आणि शहरासाठी भुयारी गटारांची व्यवस्थाही सुचविली. पुढे मुसीवरील उस्मान सागर १९२० मध्ये आणि इसीवरील हिमायत सागर १९२७ मध्ये पूर्ण झाला. बांधकामात अली नवाज जंग या हैदराबादच्या अभियंत्याचा मोठा वाटा होता. गटारांच्या कामासाठी विश्वेश्वरय्या नंतरही हैदराबादेस आले. पूर रोखण्यासाठी योजिलेल्या या दोन जलाशयांनी पिढ्यान्‌पिढ्या शहराची तहानही भागविली, हे त्या योजनेचे दुसरे फळ.

कावेरीचा बांध

हैदराबादचा अहवाल हातावेगळा होताच, नोव्हेंबर १९०९ मध्ये, ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले. कावेरीच्या शिवनसमुद्र धबधब्यावर १९०२ पासून वीज तयार होऊन कोलारच्या सोन्याच्या खाणींना जात होती. पण उन्हाळ्यात नदी आटली की वीजही आटे. शिवाय पावसाळ्यात कावेरी भरभरून वाहत असताना मंड्याचा मुलूख दुष्काळाशी झगडत असे. कन्नंबाडी गावाजवळ कावेरीवर मोठे धरण बांधावे, अशी योजना विश्वेश्वरय्यांनी पुढे आणली. खर्चाचा आकडा पाहून दरबारातील अर्थखाते बिचकले. महाराज कृष्णराज वडियार चौथे यांनी मात्र योजना समजावून घेतली आणि १९११ मध्ये तिला मान्यता दिली.

खालच्या अंगाच्या मद्रास सरकारने आक्षेप घेतला. आरंभी परवानगी मिळाली ती ऐंशी फूट पाण्याच्या धरणास. विश्वेश्वरय्यांनी पाया मात्र पूर्ण उंचीच्या धरणास पुरेल एवढा रुंद घातला. परवानगी पुढे मिळेल, पण पाया पुन्हा घालता येणार नाही, हा त्यामागील विचार. वाद लवादापुढे गेला, १९१४ मध्ये निवाडा झाला, त्यावरही आक्षेप आले, आणि अखेर १९२४ मध्ये दोन्ही सरकारांत करार झाला. चुना-सुरखीत बांधलेले हे धरण १९३१-३२ च्या सुमारास पूर्णत्वास गेले. त्याच्या सांडव्यावर स्वयंचलित दारे बसली, मंड्याच्या कोरड्या रानात उसाचे मळे उभे राहिले, साखर कारखाना निघाला आणि विजेचा पुरवठा स्थिर झाला. जुने कन्नंबाडी गाव आणि तेथील वेणुगोपालस्वामीचे प्राचीन मंदिर पाण्याखाली गेले, हीदेखील या वैभवाची किंमत होती. कावेरीच्या वाटपाचा तंटा तर त्या कराराने मिटला नाही. स्वतंत्र भारतात १९९० मध्ये त्यासाठी लवाद नेमावा लागला आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला. पाण्याची पातळी ओळखणारे दार त्यांनी घडविले होते. हक्काची पातळी ओळखणारे दार अद्याप कोणास घडविता आलेले नाही.

दिवाणपद आणि राजीनामा

१९१२ च्या नोव्हेंबरात महाराजांनी त्यांना दिवाण नेमले. हे पद स्वीकारण्यापूर्वी त्यांनी नातेवाइकांना भोजनास बोलावून, आपल्याकडे कोणीही शिफारस घेऊन येणार नाही, असे वचन त्यांच्याकडून घेतले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पुढील सहा वर्षांत म्हैसूरचा कायापालट झाला. म्हैसूर बँक १९१३ मध्ये, कन्नड साहित्य परिषद १९१५ मध्ये आणि म्हैसूर विद्यापीठ १९१६ मध्ये स्थापन झाले. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. बंगलोरला अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. चंदनी तेलाचा व साबणाचा कारखाना उभा राहिला. भद्रावतीच्या लोखंड कारखान्याचा पाया घातला गेला. बंगलोर व म्हैसूर येथे सार्वजनिक ग्रंथालये सुरू झाली, ही गोष्ट ग्रंथप्रेमींनी विशेष लक्षात ठेवावी अशी आहे. १८९८ मध्ये त्यांनी जपान पाहिला होता. शिक्षण आणि उद्योग यांच्या जोरावर एक आशियाई राष्ट्र एका पिढीत किती पुढे जाते, हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे सतत होते. आर्थिक परिषदेच्या द्वारे जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करावयाची, उद्दिष्टे ठरवावयाची, वर्षअखेर प्रगती तपासावयाची आणि चुकलेले दुरुस्त करावयाचे, ही राज्यकारभाराची रीत त्यांनी घालून दिली. नियंत्रणाचे सूत्र येथे कारभारात उतरले होते.

याच कारभारात त्यांना त्यांच्या आयुष्यातील सर्वांत अवघड प्रश्न सामोरा आला. संस्थानच्या नोकऱ्यांत ब्राह्मणांचे प्राबल्य होते. ब्राह्मणेतर समाजाने योग्य प्रतिनिधित्वाची मागणी केली आणि महाराजांना ती न्याय्य वाटली. १९१८ मध्ये सर लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. नेमणुकीची एकमेव कसोटी गुणवत्ता हीच असावी, शिक्षण सर्वांपर्यंत पोचविले की प्रतिनिधित्व आपोआप येईल, हे विश्वेश्वरय्यांचे मत होते. मतभेद मिटेना, तेव्हा त्यांनी त्याच वर्षी पद सोडले. समितीने १९१९ मध्ये मागास वर्गांसाठी राखीव जागांची शिफारस केली.

या प्रसंगाकडे आज दोन्ही बाजूंनी पाहिले पाहिजे. विश्वेश्वरय्यांच्या निःस्पृहतेविषयी शंका घेण्यास जागा नाही. नातेवाइकांना दूर ठेवणारा माणूस जातीसाठी भांडत नव्हता. परंतु गुणवत्ता मोजण्याची जी पट्टी होती ती ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या अक्षरओळख होती त्यांच्याच हाती होती, हे कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी ओळखले होते आणि १९०२ मध्येच आपल्या संस्थानात निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या होत्या. नीरेच्या काठी कालव्याच्या तोंडाशी बसलेल्या बागायतदारासच पाणी मिळू नये, शेपटाच्या शेतकऱ्याचा वाटा ठरवून द्यावा, असा आग्रह विश्वेश्वरय्यांनीच धरला होता. तोच न्याय विद्येच्या पाटाला लावण्याची वेळ आली तेव्हा ते तेथवर गेले नाहीत. समाजातील विषमता हे आपोआप समतोल साधणारे यंत्र नव्हे, त्यासाठी कोणीतरी हाताने दार उघडावे लागते, ही गोष्ट त्यांच्या विचारचौकटीत बसली नाही. थोर पुरुषाच्या मर्यादा सांगितल्याने त्याची थोरवी उणी होत नाही. उलट त्याने मागे ठेवलेले काम कोणते, ते कळते.

उत्तरायुष्य

दिवाणपद सुटले तेव्हा त्यांनी साठीत पदार्पण केले नव्हते आणि पुढे चार दशकांहून अधिक आयुष्य होते. १९२० मध्ये हिंदुस्थानच्या पुनर्रचनेवर आणि १९३४ मध्ये नियोजित अर्थव्यवस्थेवर त्यांनी इंग्रजीत ग्रंथ लिहिले. देशात नियोजनाची भाषा रुळण्यापूर्वीच दहा वर्षांच्या योजनेचा आराखडा या दुसऱ्या ग्रंथात आला. १९२३ मध्ये ते लखनौच्या भारतीय विज्ञान परिषदेचे अध्यक्ष होते. त्याच वर्षापासून तोट्यात रुतलेल्या भद्रावती कारखान्याची धुरा त्यांनी १९२९ पर्यंत सांभाळली आणि तो मार्गी लावला. त्या कामाच्या मोबदल्याची रक्कम स्वतः न घेता तिचा विनियोग बंगलोरच्या तंत्रशिक्षण संस्थेसाठी व्हावा, असे त्यांनी ठरविले. संस्थेस आपले नाव मात्र देऊ दिले नाही. मुंबईच्या बॅकबे भरावाच्या चौकशीतही त्यांचा सहभाग होता. मोटारगाड्यांचा कारखाना देशातच निघावा यासाठी त्यांनी आराखडा केला. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी तो ध्यास पुढे नेला. ओरिसातील महापुरांचा अभ्यास त्यांनी १९३७ मध्ये महात्माजींच्या सूचनेवरून केला. त्यांच्या आठवणींचा ग्रंथ १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कामाविषयी सर्व काही आहे, स्वतःच्या सुखदुःखांविषयी जवळजवळ काहीच नाही. वयाच्या नव्वदीनंतर बिहारमध्ये मोकामा येथे गंगेवरील पुलाची जागा निवडण्यासाठी ते प्रत्यक्ष पाहणीस गेले. १९५५ मध्ये भारतरत्न हा किताब त्यांना मिळाला. १९६० मध्ये देशाने त्यांची जन्मशताब्दी ते हयात असतानाच साजरी केली आणि टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

त्यानंतरच्याच वर्षी, १२ जुलै १९६१ रोजी, पुण्याच्या वर बांधकाम चालू असलेले पानशेत धरण फुटले. तो लोंढा खडकवासल्यावर आला आणि काही तासांतच जुन्या भिंतीलाही भगदाड पडले. पावसाच्या पुरासाठी योजिलेली दारे फुटलेल्या धरणाच्या पाण्यापुढे काय करणार? वरचा तलाव फुटून खालचा तलाव फुटतो, हे मुसीच्या खोऱ्यात विश्वेश्वरय्यांनीच आकड्यांनिशी दाखविले होते. अर्धशतकाहून अधिक काळ कोणाच्याही हाताविना उघडत-मिटत राहिलेल्या त्या व्यवस्थेचा अंत तिच्या कर्त्याच्या हयातीतच झाला. एप्रिल १९६२ मध्ये बंगलोर येथे विश्वेश्वरय्या निवर्तले. मुद्देनहळ्ळी या जन्मगावीच त्यांच्यावर अंत्यसंस्कार करण्यात आले.

त्यांचा जन्मदिवस १५ सप्टेंबर हा १९६८ पासून देशभर अभियंता दिन म्हणून पाळला जातो. नागपूरला १९६० मध्ये निघालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयास पुढे त्यांचे नाव देण्यात आले आणि तीच संस्था आज राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्था आहे. १९९८ मध्ये स्थापन झालेले त्यांच्या नावाचे तंत्रविद्यापीठ बेळगावात आहे. नामकरणे अनेक झाली. परंतु त्यांच्या कामाचा खरा वारसा त्यांच्या पद्धतीत आहे. आधी मोजावे, मग कारण शोधावे, उपाय उगमापाशी करावा, आणि तो असा करावा की करणारा दूर झाल्यावरही तो चालत राहील. पावसाळ्याच्या रात्री शहर निर्धास्त झोपू शकते, ते अशा माणसांनी कधीतरी केलेल्या हिशेबांमुळे. त्या हिशेबांवर नजर ठेवण्याचे आणि बदलत्या काळानुसार ते पुन्हा तपासण्याचे काम मात्र कोणतेही दार आपोआप करीत नाही. ते मागे राहिलेल्यांनीच करावयाचे असते.